पाववाल्याची बाजू

परदेशात राहणारा मराठी पुरुष घरी पाव भाजतो असं कळलं की देशातल्या नातेवाइकांच्या मनात तीन शंका येतात. एक, याची नोकरी गेली असावी. दोन, बायकोने स्वयंपाक सोडला असावा. तीन, हा आता पुरता अमेरिकन झाला. गेली बरीच वर्षं मी मिनेसोटात राहून आठवड्यातून दोनदा पाव भाजतो आहे आणि या तिन्ही शंका मला फोनवर, लग्नकार्यात आणि मुंबई विमानतळाच्या बाहेर सामान गाडीत चढवता चढवता ऐकवल्या गेल्या आहेत. पुण्याच्या एका काकांनी तर एका वाक्यात निकाल लावला, "एवढा इंजिनिअर झालास आणि शेवटी पाववाला?" सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत, पण जावई कणीक मळताना दिसले की त्यांना काहीतरी काम आठवतं आणि त्या दुसऱ्या खोलीत जातात.

आता या सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या 'पाववाला' शब्दाबद्दल. ही शिवी का आहे? इडलीवाला म्हटलं तर कोणी दुखावत नाही. पण पावाशी आपलं जुनं वैर आहे. पायाने मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मला शाळेत असताना एका शहाण्याने सांगितली होती आणि पुढे कित्येक दिवस मी वडापावातला फक्त वडा खायचो. शब्द पोर्तुगीज आहे, त्यांच्या भाषेतच रोटीला 'पांव' म्हणतात, त्यात पायाचा काही संबंध नाही. विहिरीत पाव टाकला आणि अख्खा गाव बाटला, ही गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. एकोणिसाव्या शतकात पाव खाणं हा खरोखरच धर्म बुडवण्याचा प्रकार होता. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी मुंबईत परमहंस सभा काढली, तेव्हा सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा, ही प्रवेशाची परीक्षा होती. म्हणजे जातिभेद मोडायला निघालेल्या माणसांना सगळ्यात मोठं धाडस म्हणून सुचलं ते पाव खाणं! आज तोच पाव मिसळीबरोबर दोन-दोन लाद्या हाणणारे आपण, पाव भाजणाऱ्या माणसाला मात्र अजून घरात घ्यायला तयार नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांना इराण्याच्या बनमस्क्याचे कढ आले. त्यातल्या एकालाही आपल्या मुलाने भट्टीवर काम केलेलं चाललं नसतं. असो.

आता मुख्य आक्षेप. "गरम पोळीची सर तुझ्या त्या शिळ्या पावाला येईल का रे?"

नाही येणार. तव्यावरून थेट ताटात पडलेली, तूप लावलेली घडीची पोळी याच्याशी कुठलाच पाव स्पर्धा करू शकत नाही, हे मी लिहून देतो. पण मला सांगा, ती पोळी तव्यावरून ताटात आणते कोण? हा आक्षेप घेणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी आयुष्यात सलग आठ दिवस पोळ्या लाटल्यात? 'गरम पोळी' या शब्दाचा अर्थच असा आहे की घरातले बाकीचे जेवत असताना एक बाई उभी आहे. ती शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्याला बहुधा गारच पोळी येते. म्हणजे ज्या पोळीचे आपण गोडवे गातो ती पोळी करणारीला मिळतच नाही.

हिशोब करू, मी हिशोबाचा माणूस आहे. चार माणसांचं घर, सकाळचे डबे आणि रात्रीचं जेवण धरून सोळा ते वीस पोळ्या. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं, सगळं मिळून रोज तासभर. वर्षाचे ३६५ तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंचेचाळीस दिवस, म्हणजे कचेरीच्या भाषेत दोन महिन्यांची नोकरी, बिनपगारी आणि रविवारची सुट्टी नाही. हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं त्यात निघालं. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटं, आणि तो फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा. असे पुरुष शंभरात सव्वीसच सापडले. बाकीचे चौऱ्याहत्तर गरम पोळीची वाट बघत बसलेले असणार.

आता पाव बघा. मी एका वेळी दोन भाजतो, आठवड्यातून दोनदा. पिठं मोजणं, मळणं, पॅनमध्ये घालणं, धुणं यात माझी वीस-पंचवीस मिनिटं जातात. बाकीचे तीन-साडेतीन तास पीठ आपलं आपण फुगत असतं आणि मी दुसरं काही करत असतो. ईमेल, गवत कापणं, मुलाचं गणित. वर्षाचा हिशोब चव्वेचाळीस तासांच्या आत. तीनशे पासष्ट आणि चव्वेचाळीस! कारखान्यात एवढी सुधारणा कोणी करून दाखवली तर त्याचा फोटो लावतात, घरात केली तर त्याला पाववाला म्हणतात. फरक एवढाच आहे की पोळीचं काम तुकड्यातुकड्याचं आहे, प्रत्येक पोळीमागे माणूस उभा लागतो. पाव हे घाण्याचं काम आहे, एकदा घातलं की सोळा काप. आणि पाव दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाइतकाच, कापायला तर जास्तच चांगला असतो. सकाळचा नाश्ता आणि शाळा-ऑफिसचे डबे आमच्याकडे पावावर चालतात. पोळ्या आठवड्यातून तीन संध्याकाळी होतात, त्या दिवशी लाटणं तिचं आणि तवा माझा, आणि सगळे एकदम बसून जेवतात. पोळ्या गार होतात. कोणीही मेलेलं नाही.

"बरं बाबा, पाव खा. पण विकत मिळतो ना?"

मिळतो. अमेरिकेत पाव विकत मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे मला मान्यच आहे. १९२८ च्या जुलैमध्ये मिसूरी राज्यातल्या चिलिकॉथी नावाच्या गावात कापलेला पाव पहिल्यांदा विकायला आला. यंत्र बनवणारा ऑटो रोहवेडर हा धंद्याने जवाहिऱ्या. पंधरा वर्षांत त्या कापलेल्या पावाची लोकांना इतकी सवय झाली की १९४३ च्या जानेवारीत, युद्धाच्या काळात, सरकारने कापलेल्या पावावर बंदी घातली तेव्हा घराघरातून ओरडा झाला आणि मार्चमध्ये ती उठवावी लागली. असा हा लाडका पदार्थ. पण तुम्ही इकडे आलात की एकदा सुपरमार्केटातला साधा पांढरा पाव हातात घेऊन दाबून बघा. अख्ख्या लांब पावाचा टेनिसच्या चेंडूएवढा गोळा होतो. मूठ सोडली की काही ब्रँड परत फुगतात, ते बघून मला अंथरूण-पांघरुणाच्या दुकानाची आठवण होते.

हा पाव असा का होतो, तर वेळ वाचवल्यामुळे. यीस्ट साखर खाऊन हवा सोडतं तेवढ्यापुरतं त्याचं काम नसतं. तासन्‌तास पीठ आंबत असताना आम्लं तयार होतात, चव येते, वास येतो. इडलीचं पीठ रात्रभर का ठेवतो हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगायला नको. कारखान्यात तास म्हणजे पैसा. इंग्लंडमध्ये १९६१ साली चोरलीवूड इथल्या संशोधन संस्थेने जोरदार यंत्राने काही मिनिटांतच पीठ घुसळून आंबवण्याचे तास वाचवायची पद्धत काढली आणि तिकडचा बहुतेक सगळा पाव त्या वाटेने गेला. गेलेली चव मग साखरेने भरून काढायची. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एक मजेदार निकाल दिला. सबवेच्या सँडविचमधल्या पावात साखर पिठाच्या १० टक्के आहे, कायद्यात मर्यादा २ टक्क्यांची, सबब करमाफीपुरता हा पाव पावच नव्हे! माझ्या ४५० ग्रॅम पिठाला मी ९ ग्रॅम साखर घालतो, म्हणजे बरोबर २ टक्के. आयर्लंडात मी पास आहे.

इथे एक खुलासा करून टाकतो, नाहीतर लगेच कोणीतरी मला ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पाठवायला लागेल. मैदा म्हणजे पांढरं विष, आतड्याला चिकटतो, त्यात म्हणे मधुमेह होण्यासाठी उंदरांना टोचतात ते रसायन मिसळतात वगैरे. कोणीही मिसळत नाही. मैदा आतड्याला चिकटत असता तर इटली आणि फ्रान्स हे देश कधीच बंद पडले असते. मैदा म्हणजे कोंडा आणि अंकुर काढलेला गहू, त्यात तंतू आणि जीवनसत्त्वं कमी, एवढाच त्याचा दोष आहे आणि तो खरा आहे. विकतच्या पावात बुरशी येऊ नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात त्यालाही माझी हरकत नाही. हरकत घ्यायचीच तर पोटॅशियम ब्रोमेटला घ्या. पीठ ताणलं जावं, पाव उंच फुगावा म्हणून ते वापरत. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले ३८ नमुने तपासले तेव्हा ८४ टक्क्यांमध्ये ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं, आणि त्याच वर्षी भारताने ब्रोमेटवर बंदी घातली. अमेरिकेत देशभर अशी बंदी आलेली नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये आपल्यापुरता कायदा केला, त्याचा अंमल २०२७ पासून. म्हणजे या बाबतीत भारत पुढे निघाला. परदेशात राहणारे हे फारसं सांगत नाहीत म्हणून मी सांगतो.

आणि तुमचा तो ब्राऊन ब्रेड! आरोग्यासाठी म्हणून चार पैसे जास्त देऊन आणता ना? पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द मैदा आणि शेपटाकडे कुठेतरी कॅरामेल रंग असेल, तर तुम्ही गव्हाचा नाही, जळक्या साखरेचा रंग विकत घेतलात.

तर विकत मिळतो, पण चांगला विकत घ्यायचा तर महाग मिळतो. आमच्या भागात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढ्याच घटकांचा बरा पाव सहा-सात डॉलरला आहे. माझा घरचा? पंचवीस पौंडांचं पोतं, म्हणजे ११.३४ किलो, मला चौदा-पंधरा डॉलरला पडतं. ४५० ग्रॅमच्या हिशोबाने पंचवीस पाव. पिठाचे साठ सेंट. यीस्टचं एक पौंडी हवाबंद पाकीट आठ डॉलरचं, पावाला ६ ग्रॅम धरले तर पंचाहत्तर पाव, म्हणजे अकरा सेंट. तेच यीस्ट सात ग्रॅमच्या चिमुकल्या पुड्यांत घेतलं तर एका पावाला साठ-सत्तर सेंट मोजावे लागतात, माल तोच! तेल, मीठ, साखर, दोन पावांमागे एकदा तापवलेल्या ओव्हनची वीज हे सगळं धरून पाव डॉलरच्या आसपास बसतो. आठवड्याला चार पाव, वर्षाला दोनशेवर. दुकानातल्या चांगल्या पावाशी तुलना केली तर वर्षाला हजार डॉलर वाचतात. काकांना हे रुपयांत सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते.

पण पोत्याचा विषय निघाला की दुसरी आघाडी उघडते. आमच्या तळघरात झाकणाच्या पाच-पाच गॅलनच्या तीन बादल्या पिठाने भरलेल्या असतात, फ्रीजरमध्ये यीस्टची दोन पाकिटं, एका फळीवर मीठ, साखर, दुधाची पावडर, तेल. बघणारे म्हणतात, काय रे, युद्ध होणारे का? आणि २०२० नंतर यात एक नैतिक सूर मिसळला आहे. "तुमच्यासारख्या साठेबाजांमुळेच तेव्हा दुकानं रिकामी झाली."

थांबा. हा आरोप मी ऐकून घेणार नाही.

साठेबाजी आणि बेगमी यातला फरक मराठी माणसाला शिकवायची वेळ यावी? कणगी, बळद, पेव हे शब्द कुठल्या भाषेतले आहेत? आपल्या आजीने मे महिन्यात वर्षाचे गहू निवडून, उन्हं देऊन, एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरले तेव्हा तिला कोणी साठेबाज म्हटलं का? नवा गहू बाजारात आला की भाव उतरलेले असताना घ्यायचं आणि पावसाळ्यात दुकानाचं तोंड बघायचं नाही, ही बेगमी. टंचाई पडल्यावर धावत जाऊन शेजाऱ्याच्या वाटणीचं उचलायचं, ती साठेबाजी. पहिलीमुळे बाजारावरचा ताण कमी होतो, दुसरीमुळे वाढतो. मार्च २०२० मध्ये इथल्या फळ्यांवरून पीठ आणि यीस्ट नाहीसं झालं तेव्हा आम्ही रांगेत नव्हतो. कारण जानेवारीत भरून ठेवलं होतं, आणि जानेवारीत भरलं कारण मिनेसोटात जानेवारीत उणे पंचवीस तापमान असतं आणि दर चार दिवसांनी पिठासाठी गाडी काढायची हौस कोणाला नसते. त्या दोन महिन्यांत गल्लीतली चार घरं आमच्याकडून वाटीने यीस्ट घेऊन गेली. रांगेत एक माणूस कमी आणि वर चार घरांची सोय, यात साठेबाजी कुठे आली?

शिवाय त्या टंचाईचं खरं कारणही लोकांना माहीत नसतं. गव्हाचा दुष्काळ नव्हता, पिठाचाही नव्हता. अमेरिकेतलं बहुतेक पीठ बेकऱ्यांकडे, हॉटेलांकडे, कारखान्यांकडे जातं, पन्नास पौंडी पोत्यांतून नाहीतर थेट टँकरमधून. घरगुती पाच पौंडी पिशवीचा वाटा त्यात अगदी किरकोळ. हॉटेलं बंद झाली, सगळा देश घरी भाजायला लागला, आणि त्या छोट्या कागदी पिशव्या भरणारी यंत्रं होती तेवढीच होती. एकीकडे पोती पडून आणि दुसरीकडे फळ्या रिकाम्या. पुरवठ्याच्या नळाचं तोंड अरुंद होतं, टाकी भरलेलीच होती. तेव्हा घाऊक पोतं घेऊन घरी बादलीत भरणारा माणूस त्या अरुंद तोंडाशी गर्दी करतच नाही.

आणि मी हे सगळं गव्हाच्या राजधानीतून लिहितो आहे, हेही लक्षात घ्या. साधारण १८८० पासून पन्नास वर्षं मिनीआपोलिस ही अमेरिकेतली पिठाची सगळ्यात मोठी पेठ होती. मिसिसिपीच्या धबधब्यावर गिरण्या चालत. २ मे १८७८ ला तिथली वॉशबर्न 'ए' गिरणी पिठाच्या धुळीचा भडका उडून फुटली आणि अठरा माणसं मेली. (हवेत उडालेलं पीठ हे स्फोटक असतं, हे आमच्या शाखेत कोणी शिकवलं नव्हतं.) ती परत बांधली, त्या काळात जात्याच्या दगडांऐवजी पोलादी रूळ आले, आणि आजचा मैदा जन्माला आला. रुळांनी अंकुर आणि कोंडा वेगळा काढता येतो. अंकुरातच तेल असतं, तेच खवट होतं. ते काढल्यावर पीठ वर्षभर टिकतं, आणि टिकतं म्हणूनच ते देशभर, जगभर जाऊ शकलं. जाताना जीवनसत्त्वं मात्र गमावून गेलं, ती मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वरून मिसळायला लागले. त्या गिरणीच्या भग्न भिंतींत २००३ पासून संग्रहालय आहे. देशातून पाहुणे आले की त्यांना आधी तिथे नेतो, मग मॉलमध्ये. तक्रारी येतात.

यावरून साठवणीचा नियम आपोआप निघतो. मैदा किंवा ब्रेड फ्लोअर कोरड्या, थंड जागी वर्षभर. कणीक तीन महिने, त्यापुढे फ्रीजरमध्ये. नवीन आणलेलं पीठ आधी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं म्हणजे आतली किड्यांची अंडी मरतात. मग खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचं, नाहीतर दमटपणा धरतं. आजीकडे पाऱ्याच्या गोळ्या होत्या, माझ्याकडे थंडी आहे. माझी पद्धत जास्त सुरक्षित.

आतापर्यंत मी देशातल्यांशी भांडलो. आता माझ्याच गोटातल्या लोकांशी. कारण पाव भाजणाऱ्यांनीच पावाचं नाव घालवलं आहे.

हे लोक म्हणजे सावरडोवाले. आंबवण्याच्या मडक्याला नाव ठेवतात, सुट्टीवर जाताना ते शेजाऱ्याकडे सांभाळायला देतात. तीनशे डॉलरचं बिडाचं भांडं, वेताची टोपली, पावावर नक्षी कोरायला खास पातं, फ्रेंच नावाचं मीठ. पहिल्या पावाच्या आधी पाचशे डॉलर जातात आणि चौथ्या पावानंतर सगळं गराजमध्ये जातं. २००६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्क बिटमन यांनी जिम लाही यांची न मळता करायच्या पावाची कृती छापली तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला, आता कोणीही करू शकेल. झालं उलटंच, त्या कृतीतलं तापलेलं जड भांडं तेवढं लोकांनी उचललं आणि त्याचीच पूजा सुरू झाली. आता हे लोण पुण्या-मुंबईतही पोचलं आहे असं ऐकतो. दोन दिवसांचा वर्ग, हजारोंची फी, बाहेरून आलेलं पीठ. आंबवणं म्हणजे काय हे शिकायला पैसे भरणाऱ्यांच्या आया रोज रात्री इडलीचं पीठ झाकून ठेवतात! गोव्यातले पोदेर पिढ्यान्‌पिढ्या माडाच्या सुरीने पीठ फुगवत आले, त्यांनी कधी मडक्याचं बारसं केलं नाही.

मला हवा आहे तो साधा, चौकोनी, पॅनमधला पाव. फोटोत काही खास दिसत नाही. त्याला मोठाली भोकं नसतात, त्यामुळे चटणी आणि लोणी खाली गळत नाही. त्याचे एकसारखे काप पडतात, ते डब्यात बसतात, टोस्टरमध्ये जातात. नऊ बाय पाच इंचाचं एक पॅन, एक डिजिटल काटा, एक मोठं पातेलं, एवढी सामग्री. ३०० ग्रॅम ब्रेड फ्लोअर, १५० कणीक, ३०० पाणी, २५ तेल, ९ मीठ, ९ साखर, ६ यीस्ट. दहा मिनिटं मळायचं, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, गुंडाळी करून पॅनमध्ये घालायचं, कडेच्या इंचभर वर आलं की १९० अंश सेल्सियसला पस्तीस-चाळीस मिनिटं. आतलं तापमान नव्वदच्या आसपास गेलं की झालं. एवढंच. वाटीने मोजू नका, वजनाने मोजा. दाबून भरलेल्या आणि हलकेच भरलेल्या वाटीत वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि मग लोक म्हणतात हाताला गुण लागतो. गुण काट्याला लागतो.

देशात हे जमत नाही, असं म्हणू नका. निम्म्या घरांत ओटीजी आहे आणि तो मुलांच्या वाढदिवसाच्या केकपुरता वर्षातून दोनदा तापतो. साधा मैदा चालतो, पाणी थोडं कमी घाला, पिठाच्या साठ टक्क्यांपासून सुरू करा. अडचण कणकेची आहे. आपली चक्कीची कणीक दगडाच्या दाबाने आणि उष्णतेने दळली जाते, तिच्यातला स्टार्च फुटतो, म्हणून ती भरपूर पाणी पिते आणि पोळी मऊ होते. तोच गुण पावाला नडतो, पाव दडस आणि चिकट होतो. सगळी कणीकच घेऊन वीट भाजू नका, एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. उन्हाळ्यात माठातलं गार पाणी आणि यीस्ट निम्मं, कारण आम्हाला जे फुगायला दीड तास लागतो ते तुमच्याकडे एप्रिलमध्ये पाऊण तासात होतं. यीस्टचं पाकीट उघडल्यावर हवाबंद बाटलीत, फ्रीजरमध्ये.

आणि भाजलेला पाव, घरचा असो वा विकतचा, फ्रिजमध्ये ठेवायची आपली जी पद्धत आहे ती सोडा. पाव शिळा होतो तो वाळल्यामुळे कमी आणि आतला स्टार्च पुन्हा घट्ट झाल्यामुळे जास्त, आणि हे सगळ्यात वेगाने होतं ते शून्याच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे बरोबर तुमच्या फ्रिजमध्ये. पूर्ण गार झाल्यावर काप करा, दोन दिवसांचे बाहेर डब्यात ठेवा, उरलेले पिशवीत घालून वरच्या बर्फाच्या कप्प्यात. लागेल तेव्हा गोठलेलाच काप तव्यावर टाका, दोन मिनिटांत होतो.